छत्तीस दात आणि लिफ्टची डबी

३ मार्च, सोमवार

आली! साडेनऊला आली. क्रेनवाल्याने गल्लीच्या तोंडाशीच नाक मुरडलं — "काका, एवढं धूड या बोळातून?" — पण तासाभरात मागच्या शेडमध्ये उभी करून दिली. एका कोपऱ्याचा रंग खरवडलाय. बाकी ठणठणीत.

एकतीस वर्षं कारखान्यात धातू कापणाऱ्या या मिलिंग मशीनसमोर उभा राहिलो. लेक म्हणते, बाबा लग्नाच्या फोटोत आईशेजारी उभे आहेत त्यापेक्षा मशीनशेजारच्या फोटोत जास्त ताठ आहेत. असेन! कारखान्याने जुनी मशिनं काढायचं ठरवलं तेव्हा पहिला हात मी वर केला. तिकडे आता आपोआप चालणारी नवी यंत्रं येणार. येऊ देत. ही माझी.

(असं 'ही' लिहिलं की गोंधळ होणार. आजपासून ही म्हणजे बायको. मशीनला मिल म्हणायचं.)

ही शेडच्या दारात बराच वेळ उभी होती. वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल. म्हणाली, "पुसायला माझं फडकं घेतलंत. ते आधी परत द्या."

५ मार्च, बुधवार

मिल लेव्हलला बसवली. पायांखाली पत्र्याचे तुकडे सारून सारून कंबरडं मोडलं, पण बुडबुडा मधोमध! मग हात झटकून वीज जोडायला गेलो आणि कपाळाला हात लावला.

मोटर थ्री फेज. घर सिंगल फेज.

एकतीस वर्षं मिल चालवली आणि ही गोष्ट डोक्यातच आली नाही! कारखान्यात वीज भिंतीतून यायची. भिंतीत ती कुठून येते हे बघणं इलेक्ट्रिशियनचं काम. आपण हँडल फिरवायचं आणि कटर धरणारा स्पिंडल फिरायचा.

वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन आलो. खिडकीतल्या बाई हसून म्हणाल्या, "अर्ज द्या काका. तीन-एक महिने धरा." तीन महिने! मला अठ्ठावीस तारखेला चाक द्यायचंय.

६ मार्च, गुरुवार

चाकाचं नीट लिहून ठेवतो, म्हणजे स्वतःचा मूर्खपणा डोळ्यांसमोर राहील.

बागेत फिरते घोडे आहेत. बारा घोडे, दोन हत्ती, एक जिराफ. ते फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे दात झिजून गेले आणि घोडे डिसेंबरपासून बंद आहेत. ज्यांनी ते बनवले ती कंपनीच आता नाही. घोडेवाला आमच्या निरोपाच्या चहाला आला होता, त्याने सगळ्यांसमोर विचारलं. जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आण इकडे! मी करतो."

आता गनमेटलची, म्हणजे पितळेसारख्या धातूची, चकती कपाटात आहे. एकच. ओतकामवाल्याने सांगितलंय, दुसरी हवी तर मे महिना उजाडेल. त्या चकतीवर छत्तीस दात कापायचे. एक दात चुकला की पस्तीस वाया. बाग एक एप्रिलला उघडणार, मुलांना सुट्ट्या लागणार. चाक बसवायला घोडेवाल्याला दोन-तीन दिवस लागतील, म्हणून अठ्ठावीस.

८ मार्च, शनिवार

लेक आली. ती लिफ्ट दुरुस्त करते — आमच्या घरात सगळ्यांत उंच चढलेली तीच. मिलच्या मोटरवरची पाटी वाचली, फोटो काढला आणि म्हणाली, "बाबा, एवढंच ना? ड्राइव्ह लावू."

म्हणजे काय? म्हणजे एक डबी. एका बाजूने घरची सिंगल फेज आत, दुसऱ्या बाजूने थ्री फेज बाहेर. शिवाय एक गोल बटण फिरवलं की मोटर हळू, फिरवलं की जोरात. दवाखान्यातली सामानाची छोटी लिफ्ट बदलली, तिची डबी तिच्याकडे धूळ खात पडलीय. म्हणाली, "लिफ्ट थांबताना गचका का बसत नाही? हिच्यामुळे."

मी म्हटलं, "माझी मिल काय वर जाणार आहे का?"

"तुमचा पारा जातो तेवढा पुरे."

दुपारी साचेवाला टपकला. प्लॅस्टिकचे साचे करतो, त्याला माझी मिल हवीय. मिलभोवती तीन चकरा मारल्या. जाताना म्हणाला, "काका, मन बदललं तर मला आधी सांगा. उगाच गंजेल हो." गंजेल म्हणे! तोंडावर गोड बोललो. दार जरा जोरात लावलं.

९ मार्च, रविवार

कुणाला सांगितलेलं नाही ते इथे लिहितो.

मला ऐकू कमी येतं. एकदम बहिरा नाही. समोरच्याचं तोंड दिसलं तर सगळं कळतं. पण बारीक आवाज गेले. किती वर्षांपूर्वी गेले तेही माहीत नाही — गेलेली गोष्ट ऐकू येत नाही, तर ती गेली हे कळणार कसं?

मिलवरचा माणूस कानाने काम करतो. कटर नीट कापत असला की एक सूर असतो. बिघडणार असला की तो आधी कुरकुरतो, मग किंचाळतो. पूर्वी मी पाठमोरा चहा पीत असताना शेजारच्या मशीनवरच्याला सांगायचो, "अरे, फीड कमी कर, माल हळू सरकव!" गेल्या वर्षी एका आठवड्यात माझ्या हातून तीन कटर तुटले. तीन! मी सगळीकडे सांगितलं, माल खराब आला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. एकतीस वर्षांच्या माणसाला कोण बोलणार?

माल चांगला होता.

म्हणून हे चाक. छत्तीस दात नीट कापले तर मी अजून मिलवाला आहे. चकती वाया गेली तर साचेवाल्याला बोलवीन, मिल देऊन टाकीन आणि बागेत जाऊन बसेन — तेही बंद घोड्यांसमोर! हे ठरलं. हिला यातलं काही सांगणार नाही. ही काळजी करेल आणि मग दिवसभर मोठ्याने बोलत बसेल. लेक तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे घेऊन जाईल.

१२ मार्च, बुधवार

लेकीने डबी भिंतीवर बसवली. चपलांच्या खोक्याएवढी. चार बटणं, एक लाल आकड्यांची खिडकी.

मोटरचं झाकण काढून आतल्या पितळी पट्ट्या सोडवल्या आणि दुसऱ्या तऱ्हेने लावल्या. स्टार होतं ते डेल्टा केलं. म्हणाली, "नाहीतर मोटरीत जोरच येणार नाही." मी बॅटरी धरून उभा. लहानपणी ती बॅटरी धरायची आणि मी "नीट धर!" म्हणून ओरडायचो. आज तीन वेळा मला ऐकावं लागलं. हिशेब चुकता झाला.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं — हँडल. मिलच्या डोक्यावर काळं हँडल आहे: उजवीकडे सुलट, डावीकडे उलट, मध्ये बंद. लेक म्हणाली, हे काढायचं. डबी आणि मोटरच्या मध्ये स्विच नको.

"डबी काढ. हँडल निघणार नाही."

शेवटी तह झाला. हँडल कायम सुलट ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही, चालू-बंद सगळं डबीवरून. तिने हँडलवर पांढरी पट्टी चिकटवली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं — बाबा, नाही.

१३ मार्च, गुरुवार

डबी चालू केली की घराचा मेन स्विच पडतो. तिसऱ्यांदा पडला तेव्हा ही बाहेर आली. "चालू कधी होणार आहे, की नुसतं बंदच करणार आहे ती?"

१५ मार्च, शनिवार

फिरला!!

मेन स्विचच्या जागी लेकीने दुसऱ्या जातीचा आणून बसवला. डबीतून थोडी वीज जमिनीत झिरपते, जुन्या स्विचला ती गळती वाटत होती. मग डबीला मोटरची सगळी माहिती भरवली — किती करंट, किती वेग, किती सेकंदांत वेग धरायचा. लग्न जमवताना विचारतात तसं एकेक. आणि हिरवं बटण.

स्पिंडल फिरला. उलटा! लेक म्हणाली, दोन तारा अदलाबदल केल्या की झालं. केल्या. पुन्हा हिरवं बटण. आणि काय सांगू — कारखान्यात चालू होताना मिल दणकन हादरायची, पट्टा ओरडायचा. इथे ती झोपेतून उठल्यासारखी सावकाश फिरायला लागली आणि पाच सेकंदांत पुऱ्या वेगात. बंद केली तर तशीच सावकाश थांबली. डोळ्यांत पाणी आलं. तेल उडालं म्हणून सांगितलं.

तेवढ्यात लेकीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "बाई गं! केवढी शिट्टी वाजतेय!"

मला काही नाही. मोटरची घरघर येत होती, बस्स. म्हणालो, "हो ना! जरा जास्तच आहे."

ही दारात आली होती. लेकीने तिच्याकडे वळून कानांकडे हात करत विचारलं, "आई, आत येतोय का गं आवाज?" ही म्हणाली, "येतोय तर! डोकं उठलं माझं."

म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत जाते शिट्टी. भिंतीपलीकडे हिला ऐकू येते आणि मी शेजारी उभा आहे.

लेकीने डबीतला एक आकडा वाढवला. "आता?" मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. म्हणालो, "आता बरं." हीसुद्धा म्हणाली, "आता कसं शांत!" सगळे खूश. मी सगळ्यांत जास्त हसलो.

१६ मार्च, रविवार

दिवसभर मिल नुसतीच फिरवली. काम काही नाही. हळू, जोरात, हळू, जोरात. ही म्हणाली, "खेळणं झालं का खेळून?" नाही झालं.

१८ मार्च, मंगळवार

लेकीने शेखी मिरवली होती — आता पट्टा बदलायला नको, बटण फिरवा. पट्टा या पुलीवरून त्या पुलीवर टाकून वेग बदलायचा ही जुनी रीत, तिच्या मते इतिहासजमा. म्हणून आज भंगारातल्या गनमेटलवर कापून बघितलं. मोठ्या कटरला वेग कमी लागतो. बटण फिरवून फिरवून डबीवरचा आकडा पन्नासवरून आठवर आणला. स्पिंडल फिरतोय छान, पण कटर मालाला टेकला आणि फिरता फिरता उभाच राहिला. मोटरीवर हात ठेवला तर चटका!

संध्याकाळी लेकीला सांगितलं. डोकं खाजवलं तिने. एवढ्या कमी वेगात मोटरचा पंखाही हळू फिरतो, त्यामुळे ती तापते, आणि डबीने वेग कमी केला तर पट्ट्यासारखी ताकद वाढत नाही. मी म्हटलं, "म्हणजे पट्टा हवाच." ती म्हणाली, "म्हणजे पट्टा हवाच."

पट्टा खालच्या पुलीवर टाकला, डबीवर चाळीस ठेवला. लोण्यासारखं कापलं. म्हातारा आणि डबी, दोघांची गरज आहे! आज दोन घास जास्त जेवलो.

२० मार्च, गुरुवार

लिहायला लाज वाटते.

सरावाचे दात कापत होतो. लोखंडी चकती घेतली होती, मुद्दाम कडक. मध्येच मोजायचं म्हणून थांबवायचं होतं. माझा हात — मी नव्हे, हात! — सरळ वर गेला आणि हँडल खटकन मध्ये आणलं. पट्टी तिथेच होती. बाबा, नाही. आणि हाताला वाचता येत नाही.

चूक कळली तसं घाबरून हँडल पुन्हा सुलट केलं. डबी फट् करून बंद. खिडकीत लाल अक्षरं लुकलुकली. बटण दाबलं, पुन्हा चालू झाली. जीव भांड्यात पडला.

अर्ध्या तासाने तेच पुन्हा केलं. संध्याकाळपर्यंत तीन वेळा. शिवाय सरावाचे पाच दात कापताना कटरचं एक टोक उडालं. कधी उडालं कळलंच नाही.

लेकीने रात्री जेवताना विचारलं, "कशी चालतेय?" म्हटलं, "एकदम झकास."

२२ मार्च, शनिवार

ती मेली डबी रोजनिशी लिहिते!

लेकीने आल्या आल्या चार बटणं दाबली आणि वाचायला लागली. शेवटचे पाच बिघाड आत नोंदलेले असतात म्हणे. तीनदा एकच: चालू असताना मोटर तोडली, पुन्हा जोडली. चौथा: कापताना भार फार वाढला. माझी रोजनिशी कपाटात कुलपात असते, डबीची भिंतीवर उघडी!

"बाबा, अजून एकदा हँडल फिरवलंत तर आतलं जळून जाईल. मग मी दुसरी कुठून आणू?"

आत गेलो, पाना आणला आणि हँडलचा स्क्रू सोडवायला लागलो. हट्ट करून ठेवलं होतं ना, मीच काढणार. दुसऱ्या स्क्रूला लेकीने माझा हात धरला. "थांबा. तुमचा हात ऐकणार नाही. मग मिलनेच त्याचं ऐकायचं."

दोन तास तारा बदलत होती. आता हँडलमधून मोटरची वीज जातच नाही. हँडल फिरवलं की ते डबीला नुसतं कळवतं — थांब म्हणतायत, चालू कर म्हणतायत — आणि डबी आपल्या पद्धतीने सावकाश थांबवते. सुलट, बंद, उलट, जसंच्या तसं. आधीच का नाही केलं, म्हणून तीच स्वतःवर चिडली. पट्टी मी सोलून काढली.

मग चौथ्या बिघाडाकडे आली. सहज विचारल्यासारखं. "भार एवढा वाढला तेव्हा कटर ओरडला असेल ना?"

"ओरडला की."

माझ्याकडे बघितलं तिने. मी पाना पुसत राहिलो. मग तिने डबीच्या खिडकीतला आकडा बदलला. वेगाऐवजी करंट. "हे बघत जा, बाबा. कटरला जड गेलं की हा वाढतो."

"मला कानाने कळतं."

"माहीत आहे. तरी बघत जा."

२३ मार्च, रविवार

सकाळपासून सरावाच्या चकतीवर आहे. हलका काप: एक पूर्णांक नऊ. खोल काप: दोन पूर्णांक चार. फीड मुद्दाम वाढवलं: तीनच्या वर. कटर बोथट लावून बघितला: काप तोच, आकडा जास्त. म्हणजे जे पूर्वी कान सांगायचे ते सगळं या खिडकीत आहे! कुरकुर तीनला. किंचाळणं साडेतीनला. एका वहीत लिहून काढलं. आवाजांचं भाषांतर.

दुपारी जेवायला बोलवायला ही तीनदा आली म्हणे. खरंच लक्ष नव्हतं.

२५ मार्च, मंगळवार

आज खरी चकती चढवली. दातादाताने मोजून फिरवणाऱ्या इंडेक्सिंग हेडवर पकडली, डायल गेज लावून फिरवून बघितली. काटा हलला नाही. छत्तीस दातांसाठी प्रत्येक वेळी हेडचं हँडल एक पूर्ण फेरा आणि वर अठराच्या प्लेटवर दोन भोकं. हे कारखान्यात झोपेत केलं असतं. आज भिंतीवर खडूने छत्तीस रेघा मारून ठेवल्या, कापला की एक पुसायची.

कापायला सुरुवात उद्या.

२६ मार्च, बुधवार

नऊला सुरू केलं. हिला सांगितलं, शेडच्या दारात यायचं नाही, घराला आग लागली तरी. ही म्हणाली, "चहा?" चहा चालेल.

पहिला दात. आकडा दोन पूर्णांक एक. दुसरा, दोन पूर्णांक एक. तिसरा, दोन पूर्णांक दोन. पिवळा कीस सोन्यासारखा पडायला लागला. दहाव्या दातानंतर छाती धडधडायची थांबली. विसाव्यानंतर चक्क गुणगुणायला लागलो.

एकोणतिसावा दात. निम्मा कापला आणि आकडा नाचायला लागला. दोन, दोन पूर्णांक नऊ, एक पूर्णांक आठ, तीन. मी कान लावला. खरंच लावला, वाकून. काही नाही. नेहमीचीच घरघर. कारखान्यात असतो तर म्हणालो असतो, सगळं ठीक आहे, आणि पुढे गेलो असतो. तिथेच चौथा कटर तुटला असता आणि ही चकती गेली असती.

हात वर गेला. हँडल मध्ये. स्पिंडल सावकाश थांबला.

सगळं हाताने चाचपलं. कटरचा दांडा, आर्बर, घट्ट. कटर शाबूत. चकती जागेवर. मग टेबल धरून हलवून बघितलं आणि सापडलं — आडव्या स्लाइडचं लॉक सैल! हादऱ्यांनी हळूहळू सुटत आलं होतं. टेबल केसभर डुलत होतं. केसभरच! अजून दोन दात, आणि केसाचा दोर झाला असता.

डायल लावून पुन्हा शून्यावर आणलं. लॉक आवळलं. एकोणतिसावा दात तिथूनच पुढे कापला. आकडा दोन पूर्णांक एक. इतका स्थिर की मी त्याला "शाबास" म्हणालो. डबीला! लेकीला सांगणार नाही.

चार वाजता शेवटची रेघ पुसली. छत्तीस. मोजले. पुन्हा मोजले. मग हिला बोलावून तिच्याकडून मोजून घेतले. तिचेही छत्तीस!

चहा तीन कप आले होते. तिन्ही गार.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी जुन्या चाकाबरोबर नवं फिरवून बघितलं. कानशीने कडा मारल्या. हातात धरून ओट्यावर ठेवलं तर ही म्हणाली, "सुंदर दिसतंय हो." छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझ्या कामाला सुंदर म्हणाली. (लग्नाला छत्तीस आणि दातही छत्तीस, हे मला लिहिताना आत्ता कळलं.)

घोडेवाला एक दिवस आधीच येऊन घेऊन गेला. कापडात गुंडाळून, दोन्ही हातांनी, बाळाला नेतात तसं.

साचेवालाही आला होता. त्याला चाक दाखवलं. बराच वेळ दातांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "काका, मिल नका देऊ. माझीच दोन कामं घेता का?"

घेतो म्हटलं! जरा आढेवेढे घेऊन.

२९ मार्च, शनिवार

घोडेवाल्याने निरोप पाठवला: चाक बसलं, बाग उघडायच्या आधी तुम्ही बसून बघा. आम्ही तिघं गेलो. बागेचं फाटक बंद, आत आम्हीच. लेक जिराफावर. ही म्हणाली, मी या वयात बसणार नाही, आणि सगळ्यांत आधी पांढऱ्या घोड्यावर बसली. मी खाली उभा राहिलो. मला चाक बघायचं होतं.

फिरलं. गचका नाही, अडखळणं नाही. घोडेवाल्याने गाणंही लावलं होतं. लेकीचा पाय ठेका धरत होता म्हणून कळलं. ही घोड्यावर डोलत होती, डोळे मिटून. मला एवढंच ऐकू येत होतं की काहीतरी वाजतंय. खूप आनंद झाला आणि त्यातच थोडं एकटं वाटलं. खोटं का लिहू?

घरी येताना ठरवलं, हिला सांगायचं. काम करता येतं हे सिद्ध झालं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. नुसते कान गेलेत, मी नाही गेलो.

३० मार्च, रविवार

सकाळी चहा घेताना हिच्या समोर बसून सांगून टाकलं. मला ऐकू कमी येतं. किती तरी वर्षं. शिट्टीसुद्धा आली नव्हती, उगाच हो म्हणालो.

ही माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कप खाली ठेवला. म्हणाली, "बरं झालं बाई, तुम्ही आधी बोललात. मलाही नव्हती आली."

मग आम्ही दोघं हसत सुटलो. किती मोठ्याने, ते लेक रस्त्यावरून धावत आत आली तेव्हा कळलं.